वाचक विचारतात: लढाईच्या आधीच्या बिल्डिंगांमध्ये असं आहे तरी काय?

गेल्या अंकात आपण मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या आणि ओव्हल मैदानासमोरच्या जुन्या अपार्टमेंट बिल्डिंगांचे फोटो छापले होते, सोबत चार ओळी होत्या की या दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळातल्या आहेत आणि २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यावर बडोद्यातून तर प्रश्न आलेच पण इंदूर आणि ग्वाल्हेरहूनही आले. सगळेच छापणं शक्य नाही, जे पुन्हा पुन्हा विचारले गेले ते घेतलेत. मी आर्किटेक्ट, बडोद्यातच काम करते, आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे त्यामुळे उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: माझी आत्या दादरला हिंदू कॉलनीत एका जुन्या तीन मजली बिल्डिंगमध्ये राहते. दोन खोल्या आणि स्वैपाकघर, बस. आमचा भायलीचा नवीन थ्री बीएचके त्याच्या दुप्पट तरी असेल. पण मे महिन्यात तिच्याकडे जाऊन राहिलो तर एसी नसून काही वाटलं नाही आणि घर मोठं पण वाटतं. आमच्याकडे सकाळी दहापासून एसी. हे मुंबईच्या हवेमुळे का बिल्डिंगमुळे? — एक वाचक, भायली, बडोदा

काका, थोडं हवेमुळे आहेच, तिथे समुद्राचा वारा आहे आणि आपल्यासारखी कोरडी लू नाही. पण बाकीचं श्रेय बिल्डिंगचं, आणि त्यातही नक्षीचं वगैरे नाही, नकाशाचं.

याची सुरुवात प्लेगपासून होते. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट गेली, आणि सरकारच्या लक्षात आलं की ज्या घरात उजेड आणि वारा नाही तिथे रोग ठाण मांडून बसतो. मग १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, दादर-माटुंग्याच्या स्कीम त्याच ट्रस्टच्या, तुमच्या आत्याची हिंदू कॉलनी त्यातच येते. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर, त्यांनी एक नियम लावून धरला तो मला आजही फार आवडतो, साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. म्हणजे काय तर खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या बांधकामाच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभी होता कामा नये. ऐकायला अवघड वाटतं पण हिशेब सोपा आहे, समोरचं बांधकाम जेवढं उंच त्याच्या निम्मी जागा मधे मोकळी पाहिजे, ४० फूट उंच असेल तर २० फूट मोकळे. असं केलं की तळमजल्याच्या खोलीतून पण आकाश दिसतं. आत्याकडे गेलात की खिडकीशी खाली बसून बघा, आकाशाचा तुकडा दिसेलच, आणि मग तुमच्या भायलीच्या मागच्या बेडरूममध्ये तसंच बसून बघा.

आता दुसरी गोष्ट, वारा. खिडकी मोठी असून उपयोग नाही, वाऱ्याला बाहेर पडायला वाट लागते. त्या बिल्डिंगांमध्ये मजल्यावर दोन किंवा चारच घरं असायची, त्यामुळे घराला दोन तरी बाजू मोकळ्या मिळायच्या, समोरच्या बाल्कनीतून वारा आला की हॉलमधून स्वैपाकघराच्या खिडकीतून पार. दारं समोरासमोर. दाराच्या वर झडपेची किंवा जाळीची खिडकी असते ना, ती शोभेची नाही हो, दार लावून झोपलं तरी वर साठलेली गरम हवा तिथून निघून जाते. आपल्या नव्या स्कीममध्ये लांबलचक कॉरिडॉर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-आठ फ्लॅट, मधल्या फ्लॅटला एकच बाजू बाहेरची, तिथे वारा येऊन जाणार कुठे?

तिसरं म्हणजे छज्जा. हा मला थोडा सविस्तर सांगायचाय कारण लोक त्याला डिझाइन समजतात. या बिल्डिंगांना प्रत्येक मजल्यावर खिडक्यांच्या वरून सिमेंटचा पातळ छज्जा सलग पळत जातो, कोपऱ्यावर गोल वळतो आणि पुढच्या बाजूला निघून जातो, लांबून पाहिलं की बिल्डिंगला आडव्या रेषा ओढल्यासारखं दिसतं. दिसतं सुंदरच. पण त्याचं काम बघा, मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो, बडोद्यात मेच्या शेवटी शेवटी, आणि डोक्यावरच्या उन्हाला अडवायला आडवा छज्जा इतकं स्वस्त आणि चांगलं काही नाही. दीड-दोन फुटांच्या छज्ज्याने अख्खी खिडकी सावलीत राहते, पावसाची झड पण काचेवर येत नाही म्हणजे पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवता येते, मुंबईत तर ही केवढी मोठी सोय. पश्चिमेचं तिरपं ऊन छज्ज्याला ऐकत नाही, म्हणून त्या बाजूला खोल बाल्कनी दिली जायची. आता आपल्या इथे काय करतात, एलिव्हेशन, म्हणजे बिल्डिंगची दर्शनी बाजू, स्वच्छ दिसावं म्हणून छज्जाच काढून टाकतात, पश्चिमेला पूर्ण काच लावतात आणि मग ब्रोशरमध्ये एसीचे पॉइंट मोजून दाखवतात. मला याचा खरंच राग येतो.

आणि घर मोठं का वाटतं, तर उंची. साडेदहा-अकरा फूट सीलिंग तिथे सहज असायचं. आज नियमाप्रमाणे कमीत कमी २.७५ मीटर म्हणजे नऊ फूट लागतात, बिल्डर तेवढेच देतो आणि वर आपण फॉल्स सीलिंग करून अजून सहा इंच घालवतो. शिवाय विटांची नऊ इंची भिंत तापायला वेळ घेते, आजची सहा इंची काँक्रीटची भिंत दुपारीच तापते आणि रात्रभर आत गरमी सोडत राहते.

प्रश्न: भाचा न्यूयॉर्कला आहे, सांगतो की तिथे प्री-वॉर म्हणजे युद्धाआधीच्या बिल्डिंगचं भाडं जास्त असतं आणि लोक मुद्दाम तीच शोधतात. तिथल्या आणि मुंबईच्या बिल्डिंगा एकसारख्याच का? — एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

काळ एक, पण स्वभाव वेगळा. न्यूयॉर्कची घरं उष्णता आत धरून ठेवायला बांधलेली आणि मुंबईची बाहेर घालवायला.

तिथे पैसेवाल्या लोकांना अपार्टमेंटमध्ये राहणं आधी कमीपणाचं वाटायचं, एका छपराखाली परक्या कुटुंबांबरोबर कसं राहायचं म्हणून. १८८४ ला सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला डकोटा नावाची बिल्डिंग झाली, मधे मोठा चौक आणि भोवती घरं, तेव्हापासून ते चित्र बदलत गेलं. गरिबांच्या घरांसाठी १९०१ ला कायदा झाला, त्याने अंधाऱ्या खोल्या आणि चिंचोळ्या हवेच्या बोळांना बंदी आली आणि मोकळा चौक सोडणं भाग पडलं, म्हणजे मुंबईतल्यासारखीच कथा, आधी आजारपणं मग नियम. १९२० च्या दशकात मात्र या प्रकाराला खरा बहर आला, रोझारियो कँडेला आणि एमरी रॉथ ही दोन मोठी नावं. कँडेला सिसिलीतून आलेला, त्याच्या नकाशांची खुबी अशी की दार उघडल्यावर तुम्ही थेट हॉलमध्ये नाही येत, आधी एक ऐसपैस चौकोनी जागा लागते आणि तिथून बैठकीकडे, झोपायच्या खोल्यांकडे आणि स्वैपाकघराकडे अशा तीन वेगळ्या वाटा फुटतात, अगदी आपल्या वाड्याच्या ओसरीसारखं, पाहुणा बाहेरच्या बाहेर बसतो आणि आतलं घर आपल्या कामात. रॉथच्या सॅन रेमोचे दोन मनोरे १९३० चे, ते उद्यानातून आजही उठून दिसतात.

भाच्याला तिथे काय आवडत असणार ते सांगते. जाड प्लास्टरच्या भिंती, शेजारच्याचा टीव्ही ऐकू येत नाही. ओकची लाकडी फरशी. स्वैपाकघराला स्वतःची खिडकी. युद्धानंतरच्या बिल्डिंगांमध्ये आठ फुटी छत आणि जिप्समच्या पातळ भिंती आल्या म्हणून जुन्याला भाव. पण वायरिंग जुनं, प्लगचे पॉइंट कमी, आणि हिवाळ्यात वाफेचे रेडिएटर रात्री ठकठक करतात, तेही त्याला विचारून बघा.

जाता जाता, इंदूरकरांना त्या काळाचा सर्वांत धाडसी नमुना बघायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या सुमाराला एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून माणिकबाग बांधून घेतला, अपार्टमेंट नाही महालच आहे, पण तेव्हा एअर कंडिशनिंगसकट. तिथे आता सरकारी ऑफिस आहे.

प्रश्न: त्या वेळचे बिल्डर एवढे प्रामाणिक होते का? आज तसं का बांधत नाहीत? — एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

प्रश्न छोटा पण मुद्द्याचा. माणसं जास्त प्रामाणिक होती असं मला नाही वाटत, व्यवहार वेगळा होता. तेव्हा मुंबईत फ्लॅट विकायचे नसतच मुळी, भाड्याने द्यायचे. व्यापारी, दलाल, संस्थानिक, कोणी ट्रस्ट, असे लोक प्लॉट घ्यायचे, बिल्डिंग बांधायचे, बरेचदा वरच्या मजल्यावर स्वतः राहायचे आणि बाकीच्या घरांच्या भाड्यावर पुढच्या पिढ्या बसून खातील असा हिशेब. अशा माणसाला गळकं छप्पर परवडतच नाही, कारण दुरुस्ती त्याच्याच खिशातून. आणि भाडेकरू सोडून जाऊ नये म्हणून घर चांगलं ठेवावं लागतं. फ्लॅट विकून मोकळं व्हायचं गणित नंतरचं, मालकी फ्लॅटचा महाराष्ट्रातला कायदा १९६३ चा.

मग युद्ध आलं, सिमेंट आणि लोखंडावर कंट्रोल बसला, बांधकामं थंडावली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, त्यात वाद नाही, पण भाडं तिथेच थांबलं आणि गवंड्याची मजुरी वाढत गेली, मालकाने मग दुरुस्तीतून अंग काढून घेतलं आणि पागडीचा, म्हणजे जागा देताना भाडेकरूकडून एकरकमी मोठी रक्कम घ्यायचा, व्यवहार सुरू झाला. ज्या गणितामुळे बिल्डिंगा चांगल्या बांधल्या गेल्या तेच गणित मोडलं आणि त्या पडायला लागल्या. म्हणून पुढे १९६९ च्या कायद्याने उपकर लावून सरकारी मंडळाकडून दुरुस्ती सुरू झाली, त्यातही पहिला गट १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या बिल्डिंगांचा.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे सगळं सुख ज्यांना भाडं परवडायचं त्यांच्यासाठी होतं. त्याच शहरात १९२० च्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या, १६० चौरस फुटांची खोली आणि संडास मजल्यावर सामाईक. आणि या देखण्या बिल्डिंगांच्या मागे जाऊन बघा, बऱ्याच ठिकाणी लोखंडी गोल जिना दिसेल, थेट न्हाणीघराच्या मागच्या दारापर्यंत जाणारा, सफाई करणाऱ्या माणसाने पुढच्या जिन्याने येऊ नये म्हणून. न्यूयॉर्कच्या घरांत स्वैपाकघरामागे नोकराची छोटीशी खोली असायची, तसंच. पुढची बाजू वाखाणताना मागचा जिना पण बघितला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: आपल्या बडोद्यात अशा अपार्टमेंट बिल्डिंगा का नाहीत? सयाजीराव महाराजांनी तर इतकं बांधलं. — दांडिया बाजार

जागेची टंचाई नव्हती म्हणून. मुंबई बेट, समुद्र हटवून जमीन काढावी लागली, मरीन ड्राइव्हची सगळी रांग बॅकबे रेक्लमेशनच्या भरावावर उभी आहे. बडोद्यात जुन्या शहराच्या चार दरवाज्यांच्या आत पोळ (दाटीच्या घरांच्या गल्ल्या) आणि वाडे, बाहेर बंगल्यांना हवी तेवढी जमीन. महाराजांनी न्यायमंदिर, कलाभवन, खंडेराव मार्केट अशी सार्वजनिक कामं केली, राहायची घरं लोक आपापली बांधायचे. पण उजेड-वाऱ्याची अक्कल आपल्याकडे आधीपासून होतीच, तांबेकर वाड्यात जा आणि तिथल्या भित्तिचित्रांवरून नजर काढून जरा वेळ नुसता चौक बघा.

प्रश्न: वडिलांच्या नावावर गिरगावात पागडीची जागा आहे, बिल्डिंग १९३६ ची. हॉलच्या छताचे पोपडे पडतायत, गज दिसायला लागलेत. सोसायटीतला एक जण म्हणतो प्लास्टर मारून घ्या. आणि जुन्या सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग लावू का? — मांजलपूर, बडोदा

आधी छत, आणि हे ताबडतोब. नुसतं प्लास्टर अजिबात मारू नका ताई. आतला गज गंजला की फुगतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून ढकलून पाडतो, वरून प्लास्टर लावलं तर ते झाकलं जातं पण फुगणं चालूच राहतं आणि पुढच्या वेळी मोठा तुकडा पडतो. स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा, ढिलं काँक्रीट गजाच्या मागेपर्यंत फोडून काढायचं, गज घासून स्वच्छ करायचा, खूपच झिजला असेल तर जोड गज बांधायचा, गंजरोधक लावायचं आणि मग पॉलिमर मॉर्टारने भरायचं. काम संपेपर्यंत खाली टेकू लावलेले असू देत आणि त्या खोलीत कोणाला झोपवू नका. आणि पाणी कुठून येतंय ते शोधा. वर गच्ची असेल तर तिथे चौकशी करा की आधीचे ब्रिकबॅट कोबाचे, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेल्या कोब्याचे, किती थर आहेत, दर वेळी जुन्यावर नवीन कोबा टाकत गेलं की गळती थांबो न थांबो, त्या जुन्या स्लॅबवर ओझं मात्र वाढत जातं.

खिडक्या ठेवा. स्लायडिंगमध्ये कधीही अर्धीच खिडकी उघडते, सागवानी झडपा पूर्ण उघडतात, म्हणजे पैसे घालून तुम्ही निम्मा वारा बंद करणार. बिजागऱ्या बदला, पट्ट्या घासून तेलपाणी करा, बर्मा सागवान असेल तर ते अजून आपल्यालाही पुरून उरेल. फरशी पण उखडू नका, त्या काळातल्या रंगीत सिमेंट टाइल असतील तर पॉलिशने परत उजळतात. १९२२ ला भारत टाइल्स या कंपनीने विलायती टाइलला स्वदेशी पर्याय म्हणून त्या बनवायला घेतल्या होत्या आणि मुंबईच्या कितीतरी घरांत त्या अजून पायाखाली आहेत.

प्रश्न: मी एम. एस. युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चर शिकतोय. एका दिवसात मुंबईला जाऊन काय बघू? — एक विद्यार्थी, फतेहगंज

रात्रीची गाडी पकड आणि सकाळी मुंबई सेंट्रलला उतर, तिथून लोकलने चर्चगेट. स्टेशनच्या समोरच इरॉस सिनेमा, १९३८ चं. तिथून ओव्हलच्या कडेने चाल. सकाळीच जा कारण या रांगेचं तोंड पूर्वेला मैदानाकडे आहे, ऊन समोरून पडतं तेव्हा छज्ज्यांच्या सावल्या भिंतीवर रेखल्यासारख्या दिसतात. एम्प्रेस कोर्ट नीट बघ, ते ग. बा. म्हात्र्यांचं काम, त्या पिढीतला माझ्या मते सर्वांत समजूतदार आर्किटेक्ट, बाल्कनीची गोलाई कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची हे त्यांच्याकडून शिकावं. मैदानाच्या पलीकडे हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, म्हणजे मधे हिरवळ आणि दोन बाजूंना दोन वेगळी शतकं. दुपारी जेवून घे, आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, तिथल्या बिल्डिंगा पश्चिमेला बघतात. वीर नरिमन रोडच्या कोपऱ्यावर सूना महाल आहे, १९३७ चं, तेही म्हात्र्यांचंच, कोपरा कसा वळवलाय आणि वर बुरूज कसा बसवलाय त्याचं स्केच कर, फोटो नको, स्केच करताना हात थांबतो तिथे कळतं. बिल्डिंगांची नावं सिमेंटमध्ये घडवलेली असतात, ती अक्षरं, गेटची जाळी, जिन्याची उभी खिडकी, हे सगळं वहीत उतरव. जिन्यात जायचं असेल तर वॉचमनला विचारून, लोक राहतात तिथे.

प्रश्न: नवीन फ्लॅटमध्ये झोपाळा टांगता येईल का? आईचा फार आग्रह आहे. — वासणा रोड, बडोदा

येतो, आईला नाही म्हणू नका. पण आधी बिल्डरकडून लेखी घ्या की स्लॅब पोस्ट-टेन्शन आहे का, असेल तर ड्रिलला हातसुद्धा लावू देऊ नका, आतली ताणलेली केबल कापली गेली तर फार महागात पडेल, स्टँडवरचा झोपाळा घ्या. साधा स्लॅब असेल तर हुक बीममध्ये, फॉल्स सीलिंगच्या पट्टीत नाही, आणि चारही हुक केमिकल अँकरने (भोकात रसायन भरून पक्के केलेले), इंजिनियरला दाखवून. आणि पंखा झोपाळ्याच्या बरोबर वर येत असेल तर बाजूला सरकवा, नऊ फुटी छताखाली कोणी पोर झोपाळ्यावर उभं राहिलं तर हात पात्यापर्यंत पोचतो.